पालकत्वाची मर्यादा

अपत्याचा देह हा पालकांच्या मालकीचा, की केवळ त्यांच्या हवाली केलेला, हा प्रश्न मुंबई शहरात नवा नव्हे. वडीलधाऱ्यांनी अकराव्या वर्षी लावून दिलेला विवाह मान्य करण्यास गिरगावच्या रखमाबाईंनी नकार दिला, तेव्हा 1887 मध्ये मुंबईच्या उच्च न्यायालयाने त्यांना पतिगृह किंवा तुरुंग यांपैकी एक पत्करण्यास फर्मावले; पुढे त्याच रखमाबाई विलायतेत वैद्यकशास्त्र शिकून स्त्रियांच्या आरोग्यासाठी आयुष्यभर झटल्या.

बारा वर्षांखालील बालकाच्या वतीने उपचारांस पालकांनी संमती द्यावी, हा कायदा न्याय्यच आहे, कारण बालकाच्या ठायी परिणामांचा विवेक परिपक्व झालेला नसतो. परंतु 1971 च्या गर्भपातविषयक कायद्यान्वये अठरा वर्षांखालील मुलीस पालकांची लेखी संमती लागते आणि बालकांवरील लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या 2012 च्या पॉक्सो कायद्याने डॉक्टरांनी पोलिसांस वर्दी देणे बंधनकारक आहे. तेव्हा लालबागच्या चाळीतील एखादी भयग्रस्त मुलगी परळच्या रुग्णालयाची पायरी चढण्याऐवजी भोंदू वैद्याकडे वळली, तर दोष केवळ तिचा कसा म्हणावा? सर्वोच्च न्यायालयाने 2022 मध्ये, मुलगी व पालक यांनी विनंती केल्यास वर्दीत तिचे नाव न देण्याची मुभा डॉक्टरांस दिली. पण जिला भय पालकांचेच, तिच्या पदरी या सवलतीतून काय पडणार?

सोळाव्या वर्षी पुत्रास मित्र मानावे, असे आपले जुने नीतिवचन सांगते. कन्येसही ते लागू केल्यास पालकत्व हा विश्वस्ताचा अधिकार ठरतो, आणि अपत्याच्या हितास बाध येताच विश्वस्ताची मुखत्यारी संपते.