कोऱ्या जागांची इसारपावती

उभा राहा आधी. नोकरी लागली म्हणून माझ्यासमोर पाय पसरून बसायची गरज नाही. सकाळी घर पाहिलंस आणि दिवे लागायच्या आत दीड लाख इसार देऊन मोकळा? का, तर दलाल म्हणाला, नांदेडचं गिऱ्हाईक उद्या पैसे घेऊन येतंय! अरे, हळदीची पट्टी हातात पडली की हिंगोलीतल्या प्रत्येक विकाऊ घराला असं एक गिऱ्हाईक लागतंच. त्याचं तोंड आजवर कुणी पाहिलंय का?

आण ती पावती इकडे. मुद्रांक ५०० चा, ठीक. चतुःसीमा? कोरी. खरेदीखताची मुदत? कोरी. व्यवहार फिसकटला तर इसार परत मिळणार का, यावर चकार शब्द नाही. घर वडिलोपार्जित, भाऊ तीन आणि सही एकट्या थोरल्याची. बहिणी किती, विचारलंस? २००५ पासून मुलींचाही बरोबरीचा वाटा आहे, हे तुला वर्गात शिकवलं होतं. आणि याला तू 'घर पक्कं केलं' म्हणतोस! मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम ५४ वाच. नुसत्या कराराने त्या घरात तुझा काडीचाही हक्क तयार होत नाही.

सातबारा दलालाने मोबाइलवर दाखवला म्हणे. डिजिटल सहीचा उतारा १५ रुपयांत निघतो, तेवढे जड झाले? त्यावर भोगवटादार वर्ग २ आहे का, ते बघायचं. हा मराठवाडा आहे बाबा. निजामाच्या काळातल्या खिदमतमाश, मदतमाश इनामांवर इथे घरं उभी आहेत. अशी जमीन परवानगीवाचून विकली तर शर्तभंग होतो, आणि ते निस्तरायचं तुला. वकिलाकडून तीस वर्षांचा शोध घ्यायला कितीसे दिवस लागतात?

आता मी थांब म्हटलं की तू वर्षभर लोळणार, तेही ठाऊक आहे. औंढा रोडचं ते घर आठवतं? कागद स्वच्छ, वारस सगळे समोर, भाव रास्त. तिथे त्याच दिवशी आकडा सांगून मोकळं व्हायचं होतं. तू मात्र पितृपक्ष सरायची वाट पाहत बसलास, आणि घर दुसऱ्याने नेलं.

मान खाली घालू नकोस. उद्या सगळ्या भावाबहिणींना एकत्र बसव, कोऱ्या जागा भरून सह्या घे. कुणी आढेवेढे घेतले तर इसार परत माग. शोध अहवाल हातात येईपर्यंत पुढचा एक रुपयाही सोडायचा नाही. जा आता.