विचारपूस आणि आकडे

कर्करोगामुळे रुग्णालयात भरती झालेल्या माणसाचा ताप, रक्तदाब, ऑक्सिजन दिवसातून अनेकदा टिपला जातो. मळमळ, धाप, थकवा, धास्ती यांची नोंद मात्र बहुधा तो बोलला तरच होते. राउंडच्या घाईत ‘बरं आहे’ म्हणून अनेक जण मोकळे होतात. तक्रार केली तर केमो थांबेल ही भीती असते, मोठ्या डॉक्टरांचा वेळ कशाला घ्यायचा हा संकोचही असतो. मग उत्तरे नातेवाईक देतात, आणि ती रुग्णाच्या अनुभवाशी जुळतातच असे नाही.

या तक्रारी मोजण्याची एक सोपी पद्धत कॅनडातील एडमंटन येथे एदुआर्दो ब्रुएरा आणि सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये मांडली. आज ती ज्या रूपात वापरली जाते त्यात वेदना, थकवा, भूक, धाप, चिंता अशा नऊ बाबींना रुग्ण स्वतः ० ते १० गुण देतो. शून्य म्हणजे त्रास नाही, दहा म्हणजे कल्पनेतला सर्वाधिक त्रास.

अशा नोंदींचे मोल ठळकपणे दिसले ते बाह्यरुग्णांमध्ये. न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग केंद्रात केमो घेणाऱ्या, आजार पसरलेल्या ७६६ रुग्णांच्या चाचणीत काहींनी आपली लक्षणे संगणकावर नोंदवली. त्रास वाढला की परिचारिकेला सूचना जाई. २०१७ मध्ये जाहीर झालेल्या निष्कर्षांत नोंद ठेवणाऱ्यांचा जगण्याचा मध्यक कालावधी ३१.२ महिने होता, इतरांचा २६.

वॉर्डात मात्र हे यश तसेच उतरले नाही. बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये भरती रुग्ण रोज टॅबलेटवर लक्षणे भरत आणि त्यांचे आलेख राउंडमध्ये डॉक्टरांपुढे येत. आधीच्या छोट्या चाचणीने आशा दाखवली होती; २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत मात्र लक्षणांचा भार, मुक्कामाचे दिवस किंवा पुन्हा भरती होणे यांत लक्षणीय फरक आढळला नाही.

यात नवल वाटण्याचे कारण नाही. घरच्या रुग्णाचा त्रास पुढच्या भेटीपर्यंत कोणाला कळतच नाही, तेथे नोंद ही पोकळी भरते. वॉर्डात परिचारिका हाकेच्या अंतरावर असते. मुक्काम थोड्या दिवसांचा आणि आजार बळावलेला असतो. शिवाय वेदनेवर मॉर्फिन आहे, उलटीवर औषध आहे. पण थकव्याला आठ गुण मिळाले तर डॉक्टरांच्या हाती फारसे काही नसते. म्हणून कोणत्या गुणाला कोणी, किती वेळात काय करायचे आणि औषधानंतर पुन्हा केव्हा विचारायचे, हे आधी ठरवावे लागते. ते ठरलेले नसेल तर आलेख ही फाइलमधली आणखी एक भर ठरते.

भ्रमात गेलेल्या किंवा अतिशय गळून गेलेल्या रुग्णाला ही पद्धत लागू पडत नाही. तेथे चेहरा, श्वास आणि हालचाल पाहूनच अंदाज बांधावा लागतो.