कुंभारणीचं मडकं, पतंगाची सोंड

पेण तालुक्यातलं हमरापूर म्हणजे गणपतीच्या कारखान्यांचं गाव. शेजारच्या जोह्यातही तेच. कारखान्यांतली शाडू गुजरातहून येते. पण बांधावरच्या साध्या चिकणमातीवर भागवणारी एक कारागीर इथेही असते: कुंभारीण माशी. पोटातून पाणी आणून ती माती भिजवते आणि भिंतीच्या कोपऱ्यात गळा असलेलं इवलंसं मडकं घडवते. नराचा या कामात हातभार शून्य.

ती स्वतः मकरंदावर जगते. जीभ आखूड, म्हणून उथळ फुलं निवडायची, तीही दिवसाउजेडी, बसून. तिन्हीसांजेला सोनटक्क्यावर घोंघावत येणारा मोठा पतंग फुलाला पायही लावत नाही. हवेत एका जागी तरंगत लांब सोंड नळीत सोडतो. मादागास्करच्या एका ऑर्किडची जवळजवळ फूटभर मकरंदनळी पाहून डार्विनने 1862 मध्ये तेवढ्याच सोंडेचा पतंग तिथे असणार असं लिहून टाकलं. पतंगाला नाव मिळालं 1903 मध्ये, डार्विन गेल्यावर एकवीस वर्षांनी.

पतंग गरीब आणि माशी दुष्ट, हा आपला निवाडा डंख पाहून केलेला. मकरंद दोघांनाही उडायला लागतो. अंग भरतं ते बालपणी. पतंगाची अळी पानं फस्त करते. कुंभारणीची अळी खाते ती लहान पतंगांच्या अळ्या. आई मडक्याच्या छताला धाग्याने अंडं टांगते, डंखाने लुळ्या केलेल्या, पण जिवंत अळ्या आत भरते आणि तोंड लिंपून निघून जाते.

पुढे मडकं फोडून कुंभारीणच बाहेर पडते. आत गेली अळी, बाहेर आली माशी, एवढं जुन्या लोकांनी नीट पाहिलं होतं. त्यावरून भृंगीच्या, म्हणजे या माशीच्या, ध्यासाने कीटक भृंगी होतो, हा दृष्टांत रुजला. संतवाङ्मयात तो भक्त आणि देव यांच्या ऐक्यासाठी वारंवार येतो. भक्तीपुरता तो मला आजही पटतो. गुरुशिष्यांना लावला की मात्र मी सावध होतो. शिष्य गुरूसारखा झाला म्हणून आपण कौतुक करतो तेव्हा मूळचा शिष्य कुठे गेला, हे कुणी विचारत नाही. काही मठांत, काही विद्यापीठांत आणि बऱ्याच राजकीय पक्षांत तो खाल्लाच गेलेला असतो.

यात माशीचा दोष नाही. कुंभारीण एकटी राहते, गांधीलमाश्यांसारखी पोळं राखायला अंगावर धावून येत नाही, शिवाय पिकांवरच्या अळ्या कमी करते. तेव्हा रंगकामाआधी भिंती झाडताना तिचं मडकं दिसलं, तर खरवडू नका.