मूर्तीपुढं थोडं थांबावं

बोरी, ता. जिंतूर

चि. मुक्तास,

कलेचा इतिहास अभ्यासाला घेतलास आणि पहिल्याच पत्रात आजीला विचारलंस, की युरोपच्या चित्रांत एवढ्या उघड्या बायका कशाला. तुझी आई लाजली असेल; मला मात्र कौतुकच वाटलं गं, असं निर्मळपणे विचारणारं लेकरू घरात असावं.

तू लिहून धाडलेलं मी चष्मा लावून सावकाश वाचलं. जॉन बर्जर 1972 साली म्हणाला, की त्या चित्रांत पुरुष बघतो आणि बाई आपल्याकडं बघितलं जातंय हे बघत राहते. कमील पालिया 1990 साली म्हणाली, की कामवासना ही निसर्गाची आंधळी ताकद आहे आणि कला म्हणजे तिला घातलेला बांध. तू लगेच एकीचा पक्ष घेऊन मोकळी झालीस, तेवढीच काय ती मला काळजी.

आधी आपल्याकडचंही बघ, बाळा. रा. चिं. ढेऱ्यांचं 1978 सालचं ‘लज्जागौरी’ ग्रंथालयातून आण (विकत नको, दुसऱ्यांदा वाचावंसं वाटलं तरच पैसे घाल). डोक्याच्या जागी कमळ, बैठक बाळंतिणीची, अशी ही देवी आपल्या तेरलाही सापडलेली आहे, आणि ढेरे तिचं नातं पिकणाऱ्या भुईशी जोडतात. येळवशीला आंबिल-भज्जी घेऊन आपण रानात जातो तेही काळ्या आईसाठीच. म्हणजे पालिया मानते तसं निसर्गाला बाई मानणं काही एकट्या पाश्चात्त्यांचं नाही. पालियाला त्या निसर्गाचं भय वाटतं, आपण त्याला हात जोडतो.

पण म्हणून आपलंच बरं, असंही घाईनं लिहू नकोस हो. भुईला आई म्हणणाऱ्या गावात सातबारावर बाईचं नाव अजून सुखासुखी चढत नाही. पूजा वेगळी आणि हक्क वेगळा, चित्रं बघतानाही हे ध्यानात ठेव.

दिवाळीला आलीस की भल्या पहाटे उठून औंढ्याला जाऊ, कारण सकाळच्या तिरप्या उन्हात नागनाथाच्या देवळाच्या भिंतीवरचं कोरीव काम कसं उठून दिसतं ते दुपारी जाणाऱ्याला कळत नाही. दहा मूर्ती बघू नकोस; एकीपुढंच बस, वहीत काढ, मग लिही. मत उशिरा झालं तरी चालेल, पण ते तुझ्या डोळ्यांनी बघून झालेलं असू दे.

तुझी,
आजी