निष्ठा कीं दावें?

एकनिष्ठा हा सद्गुण आहे, याविषयीं आजवर फारसा कोणीं वाद घातलेला नाहीं. स्वामिनिष्ठा, ध्येयनिष्ठा हे शब्द उच्चारतांच आपला स्वर आपोआप आदराचा होतो. उलट अमक्यानें पक्ष बदलला असें कानीं आलें, कीं त्याच्या हेतूची चौकशी न करितांच आपण त्याला मनांतल्या मनांत दोन पायऱ्या खालीं उतरवितों. परंतु निष्ठा कोणावर ठेवावी, आणि ज्यावर ती ठेवावयाची त्याच्या अंगीं कोणती पात्रता असावी, हा प्रश्न आपण क्वचितच विचारतों. एका अगदीं क्षुल्लक प्रसंगामुळें तो आमच्यापुढें उभा राहिला. प्रसंग क्षुल्लक आहे हें आम्ही आरंभींच कबूल करतों, म्हणजे वाचकांस तें आम्हांला सांगावें लागणार नाहीं. अकरा वर्षें एका प्रणालीचा स्मार्टफोन वापरल्यावर गेल्या वर्षीं आम्हीं दुसऱ्या प्रणालीचा घेतला. इतकीच ती गोष्ट.

या फोनांच्या जगांत हल्लीं दोनच मोठीं घराणीं उरलीं आहेत. एक ॲपलच्या आयफोनचें. तो २००७ सालीं विक्रीस आला. दुसरें गूगलच्या अँड्रॉइडचें. त्या प्रणालीचा पहिला फोन २००८ च्या ऑक्टोबरांत बाजारांत आला. यांपैकीं कोणतें घराणें आम्हीं सोडलें व कोणतें धरलें, हें आम्ही मुद्दामच सांगत नाहीं. तें सांगितल्याबरोबर निम्मे वाचक आमच्या बाजूचे आणि निम्मे विरुद्ध होतील, व पुढील विवेचन कोणीच वाचणार नाहीं. ही भीति स्वानुभवाची आहे. कारण त्या अकरा वर्षांत आम्ही स्वतः असेच वागलों. लग्नाच्या पंगतींत, आगगाडीच्या डब्यांत, एकदां तर दहाव्याला जमलेल्या मंडळींतही, आम्हीं आपल्या प्रणालीचा कैवार घेतला आहे. तिच्यांत दोष निघाला तर तो वापरणाराचा, आणि दुसरींत गुण निघाला तर तो उसना आणलेला, हा आमचा न्याय. आमचा भाचा एकदां शांतपणें म्हणाला, "मामा, तुम्ही त्या कंपनीसाठीं इतकें भांडतां, ती कधीं तुमच्यासाठीं भांडली आहे का?" आम्हीं हंसून विषय बदलला. उत्तर नसलें म्हणजे वडील माणसें तेंच करतात.

त्याचें उत्तर पुढें कंपनीनेंच दिलें. आमचें यंत्र ठणठणीत होतें. काच अभंग होती, एकदां वीज भरली कीं दिवस निघे. पण त्या वयाच्या यंत्रांना नव्या सुधारणा पुरविणें कंपनीनें थांबविलें होतें, आणि एके सकाळीं आमच्या बँकेच्या ॲपनें या प्रणालीवर आपण यापुढें चालणार नाहीं असें कळविलें. नवें यंत्र घेणें भागच पडलें. घरांतील इतर सर्वांचे फोन दुसऱ्या प्रणालीचे होते, आणि एकमेकांस छायाचित्रें पाठवितांना अडचण होई ती आमच्या एकट्यामुळें. तेव्हां या खेपेस आपणही तिकडेच जावें, असें ठरविलें. निर्णय सरळ होता. तरी दुकानांत पैसे मोजतांना, आपण कोणाच्या तरी नकळत कांहीं तरी वाईट करीत आहोंत अशी टोंचणी मनास लागली. ही टोंचणी कोठून आली, याचाच विचार येथें करावयाचा आहे.

राहणें आणि सोडणें यांचा प्रश्न आपल्या पूर्वजांनीं भीष्म आणि बिभीषण या दोन नांवांत कायमचा मांडून ठेविला आहे. भीष्म सिंहासनास धरून राहिले. बिभीषण भावास सोडून निघाला. भीष्मांना आपण पितामह म्हणून वंदन करतों, आणि बिभीषणाचें नांव आजही घरभेद्याला देतों. तथापि द्रौपदीनें भर सभेंत प्रश्न विचारला तेव्हां भीष्मांच्या निष्ठेनें त्यांची जीभ जखडली, आणि सीतेला परत पाठवा हें रावणाच्या तोंडावर सांगण्याचें धैर्य जो पुढें निघून गेला त्याला होतें, हें विसरतां येत नाहीं. फोनच्या गोष्टींत हस्तिनापूर आणि लंका कशाला, असें वाचक म्हणतील. आमचें उत्तर असें, कीं मनाची घडण लहान व मोठ्या प्रसंगीं एकच असते. मोठ्या प्रसंगीं ती भीतिदायक दिसते आणि लहान प्रसंगीं हास्यास्पद, एवढाच काय तो भेद.

निष्ठा या शब्दाच्या पोटांत 'स्था' हा धातु आहे. स्थिर उभें राहणें हा त्याचा भाव. परंतु उभें राहण्याला मोल येतें तें चालण्याची शक्ति असते म्हणून. दावणीचा बैल रात्रभर गोठ्यांतच असतो, एवढ्यावरून त्याला कोणी एकनिष्ठ म्हणत नाहीं. दावें सोडल्यावरही जो गोठ्याकडेच वळतो त्याच्याविषयीं कांहीं बोलतां येईल. आमच्या गळ्यांत कोणतीं दावीं होतीं, तें नवें यंत्र हातीं आल्यावर एकेक करून दिसूं लागलें. पैसे देऊन घेतलेलीं ॲप्स नव्या प्रणालींत चालेनात. तीं पुन्हा विकत घ्यावीं लागलीं. हजारों छायाचित्रें जुन्या कंपनीच्या कोठारांत होतीं. तीं बाहेर काढण्यास तीन रविवार गेले. आणि सर्वांत चिवट दावें आमच्या अंगठ्याचें होतें. मागें जाण्याची खूण जेथें पूर्वीं करीत असूं तेथेंच तो पुढें कित्येक आठवडे जात राहिला. इतकीं वर्षें आम्ही ज्याला आवड म्हणत होतों, तिच्यांतला बराच भाग या तीन गोष्टींचा होता: गुंतलेले पैसे, अडकलेला ठेवा आणि हाताची सवय.

हीं दावीं सुटलीं म्हणजे काय होतें, याचा अनुभव आपल्या देशांत सर्वांनीं घेतलेला आहे. आपला क्रमांक कायम ठेवून मोबाइलची कंपनी बदलण्याची मुभा भारतभर २० जानेवारी २०११ पासून मिळाली. त्यासाठीं त्या वेळीं जास्तींत जास्त १९ रुपये द्यावे लागत. त्यापूर्वीं सेवा कितीही वाईट असली तरी मनुष्य सहसा जागचा हालत नसे, कारण त्याचा क्रमांक आप्तेष्ट, वाणी, डॉक्टर, कचेरी, सर्वांच्या वहींत गेलेला असे. कंपनीच्या हिशेबीं तो जुना, विश्वासू ग्राहक होता; वस्तुतः तो आपल्याच क्रमांकाचा बंदिवान होता. एकोणीस रुपयांत जी गांठ सुटते तिला निष्ठा हें नांव देणें म्हणजे शब्दाचा अपमान करणें होय.

प्रणालीचीं दावीं याहून बारीक सुताचीं असल्यामुळें डोळ्यांस दिसत नाहींत. तीं न्यायालयांत उकलावीं लागत आहेत. अमेरिकेच्या न्यायखात्यानें मार्च २०२४ मध्यें ॲपलवर खटला भरला. आयफोन सोडून जाणें ग्राहकांस मुद्दाम अवघड केलें जातें, हा त्यांतील एक मुख्य आरोप आहे; ॲपलनें तो नाकारला आहे. दुसरें घराणेंही धुतल्या तांदळासारखें आहे असें नाहीं. आपल्या स्पर्धा आयोगानें अँड्रॉइडच्या बाबतींत वर्चस्वाचा गैरवापर केल्याबद्दल गूगलला ऑक्टोबर २०२२ मध्यें १३३७.७६ कोटी रुपये दंड केला, आणि अपील न्यायाधिकरणानें मार्च २०२३ मध्यें ती रक्कम कायम ठेविली. कायद्याचा निकाल कांहींही लागो. पण या दाव्यांनीं माणसामाणसांत भेद कसे पडतात तें पाहण्यासारखें आहे. आयफोनवरून दुसऱ्या आयफोनला धाडलेला निरोप निळ्या चौकटींत दिसतो, अँड्रॉइडला धाडलेला हिरव्या चौकटींत. आणि या हिरव्या रंगावरून अमेरिकेंतील तरुण मुलें एकमेकांस हिणवितात. आपल्याकडे बहुतेक बोलणें व्हॉट्सॲपवर होत असल्यानें हा वर्णभेद फारसा जाणवत नाहीं. पण फोनच्या पाठीवरील चिन्ह पाहून माणसाची पत ठरविणारे आपल्यांतही आहेत, आणि आम्ही त्यांत नव्हतों असें छातीवर हात ठेवून सांगवत नाहीं.

ज्यांनीं शेवटपर्यंत साथ दिली त्यांना फळ काय मिळालें? ब्लॅकबेरीचा फोन एके काळीं मोठमोठ्या अधिकाऱ्यांच्या हातांत मिरवत असे. त्या कंपनीनें स्वतःच्या जुन्या प्रणालीच्या सेवा ४ जानेवारी २०२२ रोजीं बंद केल्या; त्यानंतर त्या यंत्रांवरून साधा फोन लागेल याचाही भरंवसा उरला नाहीं. मायक्रोसॉफ्टनेंही आपली फोनची प्रणाली अशीच गुंडाळली. यांत कंपन्यांनीं पाप केलें असें आमचें म्हणणें नाहीं. दुकान तोट्यांत गेलें म्हणजे तें बंद करावेंच लागतें. दुकानदार आपल्याशीं व्यवहार करतो. आपण त्याच्याशीं धर्म पाळूं लागलों, तर तो दोष त्याचा नव्हे.

येथें एक आक्षेप येईल, आणि तो हलका नाहीं. वस्तु सहज टाकावयास शिकलेला मनुष्य उद्यां माणसेंही तितक्याच सहज टाकील, असें कोणी म्हणेल. चिकाटी, जपणूक, जुन्याविषयीं ममता हे गुण वस्तूंच्या संगतींतच आपण प्रथम शिकतों, हें खरें आहे. आमच्या आजीचें पितळी पातेलें आज चौथ्या पिढीच्या हातांत आहे, आणि त्याला अजून वेळेवर कल्हई होते. पण पातेल्यांत आणि प्रणालींत एक भेद आहे. पातेलें आपलें असतें; प्रणाली हें भाड्याचें बिऱ्हाड आहे. तेथें भिंतीला खिळा ठोकावयाचा तरी मालकाला विचारावें लागतें, आणि जागा केव्हां सोडावयाची हेंही पुष्कळ वेळां मालकच ठरवितो. बिऱ्हाड नीट ठेवावें, उगीच बदलूं नये. पण त्याला वाडवडिलांचें घर समजूं नये. दर वर्षीं नवा फोन घेणारा मनुष्यही मोकळा नसतो. त्याचें दावें दुकानापर्यंत लांबलेलें असतें, इतकेंच.

आतां जी गोष्ट सांगावयाची ती सांगण्यास आम्हांस संकोच वाटतो. नव्या यंत्रांत काय न्यावें आणि काय ठेवावें हें ठरविण्यासाठीं एके रात्रीं आम्ही जुने निरोप चाळीत बसलों होतों. आमच्या थोरल्या बहिणीला, आक्काला, जाऊन दोन वर्षें झालीं. तिला लिहिण्याचा कंटाळा. ती आपल्या आवाजांतच निरोप पाठवी. ते सारे तेथें होते. आणि त्यांपैकीं सात निरोपांवर, ते कधीं ऐकलेच नसल्याची खूण होती. सवड झाली म्हणजे ऐकूं, असें म्हणून ते राहिले होते. एकही मिनिटाहून मोठा नव्हता. शेवटच्यांत ती विचारीत होती, कीं लिंबाच्या लोणच्याची बरणी पोंचली का, आणि तुझा घसा बसला होता तो आतां बरा आहे ना. रिकामी बरणी परत पाठविण्याची घाई करूं नको. त्या निरोपांच्या तारखा आम्हीं पाहिल्या. त्याच महिन्यांत आमच्या प्रणालीच्या नव्या आवृत्तीचा समारंभ आम्हीं रात्रीं जागून, डोळ्यांस पाणी लावून, दोन तास पाहिला होता.

दुसऱ्या दिवशीं भाच्याला बोलाविलें. तो आक्काचाच मुलगा. त्यानें ते सर्व निरोप एकेक करून प्रणालीबाहेर काढले, आणि कोणत्याही यंत्रावर ऐकतां येतील अशा रूपांत दोन ठिकाणीं ठेविले. एक प्रत त्याची, एक आमची. तें काम चालू असतां सातही निरोप आम्हीं दोघांनीं मिळून ऐकले. तो कांहीं बोलला नाहीं. त्यानें पूर्वीं विचारलेला प्रश्न त्यानें पुन्हा विचारला नाहीं, हें त्याचें सौजन्य.

त्या रात्रीपासून दुकानांतली टोंचणी आम्हांस वेगळी दिसूं लागली. ती अगदीं खोटी नव्हती. तिचा पत्ता चुकलेला होता. स्थिर राहण्याची जी थोडीबहुत शक्ति मनुष्याला मिळते ती अपार नाहीं, आणि आम्हीं तिच्यांतला मोठा वांटा अशा ठिकाणीं खर्च केला होता, कीं जेथें आमचें येणें व जाणें वहींतील एका आंकड्यापलीकडे कोणाला कळत नव्हतें. म्हणून आतां आम्ही स्वतःला दोन प्रश्न विचारतों. येथून निघावयाचें ठरविलें तर निघतां येईल का? आणि आपण निघालों तर कोणाच्या मनाला लागेल का? पहिल्याचें उत्तर नाहीं असें आलें, तर तें राहणें निष्ठेचें नव्हे, दाव्याचें आहे. दुसऱ्याचें उत्तर नाहीं असें आलें, तर सोडण्यांत द्रोह नाहीं. फोन बदलण्यांत आम्हीं कोणाचाही द्रोह केला नाहीं. आक्काचे सात निरोप पडूं दिले, तेथें केला. आणि त्याचा दोष कोणत्याही प्रणालीवर टाकतां येत नाहीं.

नवें यंत्र बरें आहे. त्यांतील छायाचित्रें व पत्रें आम्ही दर महिन्याला बाहेर काढून आपल्यापाशीं ठेवितों, म्हणजे हें बिऱ्हाड उद्यां सोडावें लागलें तरी सामान आपलें आपल्या हातीं राहील. स्वभाव मात्र एका वर्षांत पालटत नाहीं. परवां एका बारशाला कोणीं तरी फोनचा विषय काढला, आणि नव्या प्रणालीचे गुण सांगण्यास आम्हीं तोंड उघडलेंही होतें. समोर भाचा बसला होता. आम्हीं वाक्य अर्धेंच सोडलें, आणि त्याला त्याच्या घरचें कुशल विचारलें.