पत्करलेली अडचण

लादलेली अडचण आणि पत्करलेली अडचण यांत नैतिक दृष्ट्या काही फरक आहे काय? दुष्काळातले उपाशी राहणे आणि एकादशीचा उपास यांना आपण एका मापाने मोजत नाही, हे उघड आहे. पण एकादशीच्या ताटात साबुदाण्याची खिचडी, वरीचे तांदूळ, रताळ्याचा कीस असा गोतावळा जमला म्हणजे तो उपास उरतो का, हा प्रश्न आपल्याकडे थट्टेवारी नेला जातो. मला तो थट्टेचा वाटत नाही. नियम आपणच घालून घ्यायचा आणि पळवाटही आपणच काढायची, यात फसवणूक नेमकी कोणाची होते? या प्रश्नाला एक उदाहरण मला अलीकडे सापडले आहे. ते जरा चमत्कारिक आहे, तेव्हा वाचकांनी थोडा धीर धरावा.

हिंजवडीच्या आयटी पार्कला लागून असलेल्या आमच्या मारुंजीत, जिथे शेते होती तिथे आता उंच इमारती आहेत. त्यांतल्याच एकीत राहणारा एक तरुण दिवसा पोटापाण्याचे प्रोग्रॅम लिहितो आणि रात्री एक बिनपोटापाण्याचा. अटारी २६०० हे १९७७ साली अमेरिकेत निघालेले, टीव्हीला जोडण्याचे व्हिडिओ गेमचे यंत्र. ज्याला प्रोग्रॅमिंगचे अक्षरही येत नाही अशा माणसाला त्यावर हलती चित्रे काढता यावीत, हा त्याचा उद्देश. “काका, हे विकायचं नाहीये,” असे त्याने मला पहिल्याच भेटीत सांगून टाकले. त्याच्या आईचा प्रश्न मात्र अधिक मूलगामी होता: “ज्यांच्याकडे काही नव्हतं त्यांनी ओढूनताणून भागवलं. तुझ्याकडे सगळं असताना तू का ओढतोस?”

या यंत्राचे दारिद्र्य खरोखरच पाहण्यासारखे आहे. त्याची स्मृती १२८ बाइटची. आजच्या संगणकात देवनागरीचे एक चिन्ह साठवायला सामान्यतः तीन बाइट लागतात. म्हणजे काना, मात्रा, वेलांटी वेगळ्या मोजल्या तर बेचाळीस चिन्हांत हे यंत्र भरले. पडद्यावरचे पूर्ण चित्र साठवून ठेवायला त्यात जागाच नाही. टीव्हीच्या नळीतला किरण डावीकडून उजवीकडे एकेक ओळ रेखीत खाली उतरतो. कोणत्या ओळीवर काय दिसावे हे तो तिथे पोचण्यापूर्वी प्रोग्रॅमने सांगितले पाहिजे. एका ओळीपुरते प्रोसेसरच्या घड्याळाचे ७६ ठोके मिळतात. किरण कोणासाठी थांबत नाही. आकृत्या म्हणाल तर एका ओळीवर दोनच, प्रत्येकी आठ ठिपके रुंद. शिवाय दोन गोळ्या, एक चेंडू आणि ओबडधोबड पार्श्वभूमी. हा संसार अमेरिकेतल्या टीव्हीवर सेकंदाला साठ वेळा मांडायचा आणि मोडायचा.

ही काटकसर कोणा तपस्व्याने सांगितलेली नव्हती. स्मृतीच्या चिपा महाग होत्या, एवढेच तिचे कारण. तिच्यातच डेव्हिड क्रेनने १९८२ साली ‘पिटफॉल!’मध्ये जंगलातून धावणारा माणूस दाखवला. त्याची धाव पाहताना आठ ठिपके कोणी मोजत बसत नाही. जंगलाचे २५५ पडदे होते आणि सबंध खेळाची कॅसेट चार किलोबाइटची. (या खोक्यांना आपल्याकडची मुले कॅसेटच म्हणत, म्हणून मीही तोच शब्द ठेवतो.) इतक्या पडद्यांची यादी मावेना, म्हणून त्याने एका आकड्यावरून पुढचा आकडा गणिताने काढला आणि त्या आकड्यावरून जंगल उभे केले.

आईच्या आक्षेपाला उत्तर देणे फारसे कठीण नाही. ट्रॅक्टरने नांगरट करणारा शेतकरीही शर्यतीसाठी बैल सांभाळतोच, आणि त्याला आपण ढोंगी म्हणत नाही. कठीण आक्षेप दुसराच आहे, आणि तो आईच्या नव्हे, माझ्या मनात आला. ज्या यंत्राचे सारे आकर्षण त्याच्या अडचणीत, त्याची अडचण नाहीशी करणारे साधन बनवणे, म्हणजे उपासाची खिचडी शिजवणेच नव्हे काय?

दादासाहेब फाळक्यांनी १९१५ च्या सुमारास ‘आगकाड्यांची मौज’ हा छोटा चित्रपट केला. काडी किंचित हलवायची, चित्र टिपायचे, पुन्हा हलवायची. त्यांच्या हातातले टिपण्याचे कष्ट कोणी हलके केले असते, तर त्यांनी त्याचे आभारच मानले असते. पण काडी किती हलवायची, कुठे थबकवायची, हे ठरवण्याचे काम दुसऱ्या कोणाला देता आले नसते. दिले असते तर चित्रपट त्यांचा राहिला नसता. अडचणी अशा दोन जातींच्या असतात. ७६ ठोक्यांचा हिशेब ही पहिल्या जातीची. आठ ठिपक्यांत चालणाऱ्या माणसाचा गुडघा कुठे वाकवायचा, ही दुसऱ्या. चांगले साधन पहिली उचलते आणि दुसरीला हात लावत नाही. मात्र पहिली कधीच न सोसलेल्या माणसाला दुसरीची खोली कितपत कळेल, याविषयी माझ्या मनात शंका आहे.

पण खरा पेच पुढेच आला. एका ओळीवर तिसरी आकृती हवी असेल, तर जुने प्रोग्रॅम आकृत्या आळीपाळीने दाखवीत, आणि त्या लुकलुकत. १९८२ च्या ‘पॅक-मॅन’मधली भुते अशीच लुकलुकतात. आमच्या तरुणाच्या प्रोग्रॅममध्ये चित्र आधी संगणकावर पाहता येई, आणि तिथे तिन्ही आकृत्या स्वच्छ, स्थिर दिसत. मित्रांनी सल्ला दिला, तसेच राहू दे; लुकलुक दिसली तर लोक तुझा प्रोग्रॅम वाईट म्हणतील. आता, यात कोणाचा पैसा बुडत नाही. तरीही मी याला खोटेपणा म्हणतो, आणि सौम्य शब्द शोधायची मला गरज वाटत नाही. जो चित्र काढतो आहे, त्याला आपण काय केले हेच कळू नये, अशी ती व्यवस्था आहे.

कॅसेटमध्ये जादा चिप घालण्याची गोष्ट वेगळी. क्रेननेच १९८४ च्या ‘पिटफॉल २’मध्ये ती घातली होती, आज तर जुन्या यंत्राच्या कित्येक पट वेगाचा प्रोसेसर कॅसेटीत बसवतात, सबंध चित्रपट दाखवणाऱ्या कॅसेटीही निघाल्या आहेत. शुद्धतेचा सोवळा आग्रह त्या काळातही नव्हता, मग आताच का धरावा? चिप घाला; पण लेबलावर तसे लिहा. तरुणाला हे पटले नाही. त्याच्या मते मग ते यंत्र नुसता पडदा होऊन बसते. त्याचेही म्हणणे सहज खोडता येण्यासारखे नाही, आणि आमचा हा वाद अजून मिटलेला नाही.

लुकलुक मात्र त्याने संगणकावरच्या चित्रात आणली. ती पाहून आई म्हणाली, “बिघडलंय का रे?” “नाही गं, हे असंच आहे. एका ओळीत दोघंच मावतात.” तिने थोडा वेळ पाहिले, मग तिसऱ्या बाईला पकडून उरलेल्या दोघींच्या खाली, जरा अंतर सोडून उभे केले. लुकलुक थांबली.