दुःखाचे नाव कोणी ठेवावे?

दुःख एकाचे आणि त्यास नाव देणारा दुसराच, हा प्रकार जगात फार जुना आहे. शरीराच्या व्याधीत त्यापासून फारशी हानी होत नाही. विषमज्वराने फणफणलेल्या रोग्यास आपल्या तापाचे शास्त्रीय नाव ठाऊक नसले, तरी औषधाचा गुण यावयाचा तो येतोच. मनाच्या व्याधीची गोष्ट निराळी आहे. तेथे रोगी आपली व्यथा ज्या शब्दांनी सांगतो, त्यांवाचून वैद्याच्या हाती निदानाचे दुसरे साधन बहुधा नसते. आणि ते शब्द वैद्यास अडाणीपणाचे वाटत आहेत असा नुसता संशय आला, तरी रोगी बोलावयाचा थांबतो. ज्यांचे बोलणे ऐकून घेण्याची तसदी समाजाने कधी घेतली नाही, अशा उपेक्षितांच्या बाबतीत तर हे मौन अधिकच गाढ असते. यास्तव अशा लोकांवर उपचार करू इच्छिणाऱ्याने त्यांच्या समजुतींस कितपत मान द्यावा, हा प्रश्न वैद्यकाइतकाच नीतीचाही आहे.

आफ्रिकेतील झिंबाब्वे देशाचे उदाहरण या संबंधात विचार करण्याजोगे आहे. २००५ साली तेथील सरकारने शहरांतील झोपड्या व किरकोळ व्यापाऱ्यांच्या टपऱ्या जमीनदोस्त करण्याची मोहीम काढली. तिला ‘मुरंबत्स्विना’ म्हणत. शोना भाषेत याचा अर्थ ‘घाण हाकून लावा’ असा होतो. संयुक्त राष्ट्रसंघाच्या अहवालाप्रमाणे सुमारे ७ लक्ष माणसांचे घर, उदरनिर्वाहाचे साधन किंवा ही दोन्ही त्यात गेली. सबंध देशात मनोविकारांचे वैद्य त्या वेळी बोटांवर मोजण्याइतकेच होते. त्यांपैकी एक डॉ. डिक्सन चिबांडा. २००६ साली राजधानी हरारे येथील म्बारे या गरीब, दाट वस्तीत काम आरंभिताना त्यांस ना खोली मिळाली, ना परिचारिका. मिळाल्या त्या आरोग्यसेविकांचे काम करणाऱ्या १४ आज्या. तेव्हा दवाखान्याच्या आवारात एक लाकडी बाक मांडावा, आणि आजीबाईंनी दुःखिताच्या शेजारी बसून त्याचे ऐकून घ्यावे, अशी योजना ठरली. आधी मन मोकळे करवावयाचे, मग धीर द्यावयाचा. पुढे अनेक अडचणींतून एकच अडचण रोग्यानेच निवडावयाची व तिच्या निवारणाचे पहिले पाऊलही त्यानेच ठरवावयाचे, असा हा क्रम आहे. ज्याच्या मनात आत्मघाताचे विचार येतात, त्यास अधिक जाणत्या माणसाकडे धाडले जाते.

प्रारंभी या बाकास ‘मानसिक आरोग्याचा बाक’ असे नाव होते. त्यावर कोणी बसेना! वेडा म्हणवून घेण्यास कोण राजी होईल? आज्यांच्या हे तत्काळ ध्यानात आले. त्यांच्या सांगण्यावरून त्यास ‘मैत्रीचा बाक’ म्हणू लागले. शोना लोक मनाच्या या अवस्थेस ‘कुफुंगिसिसा’ म्हणतात. त्याचा अर्थ अतिविचार. आपल्याकडे ‘जिवाला घोर लागला’ म्हणतात ना, तशातलाच तो शब्द आहे. मुंबईत जन्मलेले व पुढे गोव्यात मानसिक आरोग्याचे कार्य उभारणारे डॉ. विक्रम पटेल यांनी सहकाऱ्यांसह हरारे येथे १४ प्रश्नांची एक शोना प्रश्नावली तयार केली. १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या या प्रश्नावलीतील पहिलाच प्रश्न या अतिविचाराचा आहे. बाकावर येणाऱ्यांची पारख हिच्याच साह्याने होते. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या परीक्षणात २४ दवाखान्यांतील ५७३ रुग्ण होते. सहा महिन्यांनंतर पाहता, नेहमीचे उपचार मिळालेल्यांपैकी सुमारे निम्म्यांत खिन्नतेची लक्षणे शिल्लक होती. बाकावर बसलेल्यांत ती शेकडा सुमारे १४ जणांतच आढळली.

परंतु येथे एक विचारी वाचक हटकेल : “लोकांच्या समजुतींस असा मान देत गेलात, तर भूतबाधेसही मान द्याल आणि साखळदंडासही.” हा आक्षेप पोकळ नाही. तमिळनाडूतील एरवाडी येथील दर्ग्यात वेड बरे होते अशी श्रद्धा आहे. त्या श्रद्धेच्या आश्रयाने आसपास खासगी निवासगृहे निघाली आणि त्यांत रोग्यांस साखळीने बांधून ठेवीत. ६ ऑगस्ट २००१ रोजी पहाटे अशा एका गृहास आग लागली. जखडलेल्यांना पळता आले नाही. २८ माणसे मृत्युमुखी पडली. त्यांना तेथे आणून सोडणारे आप्त सगळेच निर्दय होते असे मानण्याचे कारण नाही. कित्येकांस दुसरा ठाव माहीत नसेल. पण निवासगृहाच्या चालकांनी ‘ही आमची रीत आहे’ असे म्हटले असते, तर त्या रीतीस मान देणे हे पाप ठरले असते.

मग म्बारेच्या रूढ शब्दास मान देणे योग्य आणि एरवाडीच्या रूढ प्रथेस अयोग्य, हा भेद कशाच्या आधारे करावयाचा? माझ्या मते त्याचे उत्तर, बोलतो कोण, या एका प्रश्नात आहे. ‘कुफुंगिसिसा’ हा शब्द दुःखिताच्या तोंडचा आहे आणि बाकावरून उठून जाण्यास तो मोकळा आहे. साखळीची भाषा ही रोग्याच्या तोंडची कधीच नसते. ती त्याच्या रखवालदाराची असते. हा रखवालदार श्रद्धाळूच असतो असेही नाही. अठराव्या शतकात पॅरिसच्या इस्पितळांतही वेड्यांस साखळ्या होत्याच. ज्यास आपण संस्कृती म्हणतो तिच्या नावाने बोलण्याचा पहिला अधिकार तिच्यात दुःख भोगणाऱ्याचा, तिच्या पुढाऱ्यांचा नव्हे, एवढे मानले म्हणजे हा घोटाळा बराच उलगडतो.

यासाठी वैद्याने खोटे बोलण्याचीही गरज नाही. “मला बाहेरची बाधा झाली आहे,” असे एखादी बाई म्हणाली, तर “होय, झाली आहे” असे म्हणणे लबाडीचे. “भूतबीत काही नसते” असे म्हणणे तिचे तोंड बंद करणारे. “बाधेचे मी सांगू शकत नाही, पण बाई, तुमची झोप गेली आहे, अन्न गोड लागत नाही, हे मला दिसते. कधीपासून हे असे आहे?” असे म्हणणारा सत्यही सोडीत नाही आणि त्या बाईसही सोडीत नाही.

याहून कठीण प्रश्न शेवटी उरतोच. ज्याचे घर सरकारनेच पाडले, त्याच्या अतिविचारास व्याधी म्हणावे काय? त्यास धीर देणे म्हणजे अन्याय सोसण्यास शिकविणे नव्हे काय? मला वाटते, बाकावर बसलेली आजी या प्रश्नाचे निम्मे उत्तर देते. ती त्यास ‘सोस’ म्हणत नाही. ‘यांतले आधी काय हाती घ्यावयाचे?’ असे विचारते, आणि खचलेल्या माणसास न्याय मागण्यापुरते तरी उभे राहता यावे लागते. उरलेले अर्धे उत्तर तिच्या आवाक्यातले नाही. ते पाडलेल्या घराचे आहे, आणि ते ज्यांनी पाडले व ज्यांनी पाडू दिले त्यांच्याकडून यावयाचे आहे. रोगी बरा झाला म्हणून ते देणे फिटले असे त्यांस समजता येणार नाही.